स्टुलासकट तोंडी परीक्षा

अकराला भाचीची रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा, आणि दहाला तिचा उजवा हात स्टुलाच्या पायाला चिकटलेला. पलीकडून मामाचा. मामा सुतार. "दोन सेकंद धर गं," एवढंच म्हणाला होता. झटपट गोंदाने एकही सेकंद घेतला नाही.

"मामा, दोनदा आपटलेय. आज नापास झाले तर प्रयोगशाळेतली नोकरी हातची जाईल."

"तुझ्या हातचं आज काहीच जाणार नाही. चल."

अभिक्रिया दिसली की ही बया सरसकट सगळ्या कार्बनांचं संकरण, म्हणजे बंधांची मांडणी, बदलून मोकळी व्हायची. दोन्ही वेळा तिथेच माती खाल्ली होती. निघाली वरात. सिग्नलला एक आजीबाई त्या स्टुलावर टेकल्या, त्यांना तशाच उचलून चौक ओलांडावा लागला.

परीक्षक सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोण?"

"मामा. आणि स्टूल. गोंदाने घात केला, सर."

"मग तेच विचारतो. हा गोंद घट्ट होताना कुठले कार्बन बदलतात?"

'सगळे' अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिची नजर स्टुलावर गेली. मामाने एकच सांधा उकलला होता; बाकीचे तीन पाय जागचे हलले नव्हते.

"दोनच, सर. दुहेरी बंधातले. आधी प्रत्येकाला तीन शेजारी, सगळे एका पातळीत: एसपी-टू. दुहेरीतला एक बंध सुटला की दोघेही एकेक नवा शेजारी धरतात. चौघं झाले की चार दिशांना पांगतात: एसपी-थ्री."

"आणि नायट्रोजनला तीन बंधांनी धरून बसलेला कार्बन?"

"त्याला कोणी शिवलंच नाही. दोनच शेजारी, एसपी होता, एसपीच राहिला."

सरांनी ॲसिटोनची बाटली काढली. "याने हात सुटतील. म्हणजे ते दोन कार्बन परत एसपी-टू?"

"हो म्हण," मामा कुजबुजला, "सुटू एकदाचे."

"नाही, सर. साखळी तशीच राहते. फक्त मऊ पडते आणि कातडी सोडते."

सरांनी खुशीत बाटली ओतली. दोघांचे हात सुटले. "वा, पोरी," म्हणत सरांनी शाबासकीची थाप दिली, ती नेमकी स्टुलाच्या त्या सांध्यावर. मामाने सांध्यात गोंद जरा सढळपणेच ओतला होता. आत ओलाच होता, थापेसरशी बाहेर आला. थाप तिथेच राहिली.

सरांनी डाव्या हाताने 'उत्तीर्ण' लिहिलं. सहीची जागा मामाने बोट ठेवून दाखवली, आणि सही झाल्यावर भाचीने बाटली उचलली.