फणसाची जबानी

साऊ आत्याने भाचेसुनेच्या, थामच्या चपला पायाने ओढून घेतल्या आणि त्यांच्यावरच ठाण मांडून बसली. आता माघार नव्हती.

"चढ गं. अंगाने हलकी आहेस," आत्या म्हणाली. "यंदा फणसाला एक फळ नाही, तुझंही सात वर्षं तेच. एकदम विचारून होईल."

अंगणात कुणीतरी हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं.

पाचव्या महिन्याची पाचवी तिथी, ऊन डोक्यावर आलेलं. पोटातले किडे मरावेत म्हणून सकाळपासून सगळे आंबवलेला, थोडा चढणारा भात खात होते. किडे मेले की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण माणसांच्या जिभा मात्र चांगल्याच सुटल्या होत्या. सणाची रीत अशी की भर दुपारी न फळलेल्या झाडाची उलटतपासणी करायची. एकाने कोयता घेऊन खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वर चढून झाडाच्या वतीने बोलायचं. फळ देशील का, असं तीनदा विचारायचं. कबूल झालं तर झाड वाचलं, नाहीतर घाव. आजवर गावातलं एकही झाड नाही म्हणालेलं नव्हतं. झाडांनाही जिवाची काळजी असतेच.

इतर घरांत पोराटोरांना वर चढवत. या घरात सासरे, म्हातारे किन्ह, स्वतः चढायचे. ऐंशीला टेकले तरी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वर. खाली कोयता घेऊन सासूबाई.

"देशील का रे?"

"देईन. पण म्हैस माझ्या बुंध्याला बांधायची नाही."

"गेल्या वर्षीही देईन म्हणालास. काय दिलंस? कपाळ?"

"गेल्या वर्षी शेणखत कुणी आखडलं, ते बोल आधी!"

हे भांडण ऐकायला लोक कालव्यापलीकडून होड्या घेऊन यायचे. एका वर्षी फणसाने गुडघेदुखीची तक्रार केली होती आणि सासूबाईंनी रात्री बुंध्याला तेल चोळून देण्याचं कबूल केलं होतं. म्हातारे उत्तम भात पिकवायचे, भावाभावांची भांडणं मिटवायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते फणस म्हणून. नव्या वर्षाच्या तोंडावर ते गेले, तेव्हा शेजारचा होआन तिरडीशी उभा राहून रडत म्हणाला होता, "फार चांगलं झाड गेलं हो." कुणालाही हसू आलं नव्हतं.

थामला ते आठवायचे ते वेगळेच. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं, आणि घराच्या तिन्ही बाजूंना पाणी. म्हाताऱ्यांनी दोन सुके नारळ एकत्र बांधून तिच्या काखेत दिले, तिला कालव्यात उतरवलं आणि स्वतः काठावर रोपं लावत बसले. ती तास न् तास नाकातोंडात पाणी घेत होती. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तिला लाज वाटू नये म्हणून. आणि ती एकदा खरंच बुडायला लागली, तेव्हा मान वर न करताच त्यांनी बांबू पुढे केला होता.

आज बांबू पुढे करायला कुणी नव्हतं. नवरा होता, पण लुआन मोबाईलचं कव्हर नखाने खरवडत उभा होता. तीन वर्षांपूर्वी सायगॉन शहरातल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, थाममध्ये काही दोष नाही, लुआनमध्ये आहे. परतीच्या बसमध्ये लुआन म्हणाला होता, "आईला सध्या नको सांगायला." तेव्हापासून ते 'सध्या' चाललंच होतं.

थाम चढली. वरून लुआनच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले दिसत होते. एरवी तिला कीव आली असती.

सासूबाईंनी कोयत्याची पाठ बुंध्यावर हाणली.

"काय रे फणसा, यंदा दिलं नाहीस. आता देशील का?"

उत्तर तिला पाठ होतं. चुकलं बाई, मारू नका, पुढच्या वर्षी देईन. पण तोंडातून आलं, "मला काय विचारता?"

अंगणात हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत.

"पुढच्या वर्षी देशील का?"

थामने लुआनकडे पाहिलं. लुआनने फणसाकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या मुळांकडे.

"माझ्या एकटीच्या हातात असतं तर कधीच दिलं असतं."

"अगं, नुसतं 'देईन' म्हण!" आत्या ओरडली. "तेवढंच म्हणायचं असतं."

"झाड खरं बोलतंय वाटतं," होआन म्हणाला.

"खरं बोलणारं झाड काय चाटायचंय? वहिनी, विचार तिसऱ्यांदा. नाही म्हणालं तर घाल घाव. रीत म्हणजे रीत."

सासूबाईंनी कोयता हातात फिरवला. आता धार पुढे आली.

"आई, थांब." लुआनने मोबाईल खिशात टाकला. "झाडात काही दोष नाही. तपासून झालंय."

"झाडाला कुठे नेलं होतंस तपासायला?" आत्याने विचारलं.

"झाडाला नाही. मला."

होआनने भाताची वाटी आवाज न करता खाली ठेवली.

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. उगारलेला कोयता मात्र खाली घेतला.

"मग तू खाली काय करतोयस?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तुझी आजी म्हणाली, सुनेला चढवा. तुझे बाबा भरल्या ताटावरून उठले आणि हात न धुता वर जाऊन बसले. म्हणाले, आता विचारा काय ते. दोष त्यांच्यात होता की माझ्यात, ते कोण तपासणार तेव्हा? आणि त्यांना जाणूनही घ्यायचं नव्हतं."

आत्या पदराशी चाळा करावा तशी टोपीच्या दोरीशी चाळा करू लागली.

लुआनला उंचीची भीती होती. शाळेत असताना तो माळ्यावरून एकदा रडत उतरला होता आणि ते गाव अजून विसरलेलं नव्हतं. त्याने बूट काढले. पहिला पाय दोनदा घसरला. तिसऱ्यांदा होआनने खालून खांदा दिला.

वर थाम बुंध्याकडे सरकली आणि शेजारची फांदी हाताने झटकून साफ केली.