तामूच्या हातचा घास

"हे आता जन्मभर राहणार," डॉक्टरीणबाई जपून म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

रकियानं पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आतड्याला गहू सोसत नाही, एवढंच? आईला नेलं तसली गाठ नाही? कुणाची नजर नाही?"

"नजर तपासणीत दिसत नसते, बाई. गहू दिसतो. गहू आणि जव, कणभरसुद्धा नको. कधीच."

वरातीत बायका जीभ नाचवून काढतात, तसा आनंदाचा उंच सूर रकियाच्या गळ्यातून सुटला. बाकावरचा ब्राहिम धावत आत आला. "काय झालं हिला?"

"तुमच्या बहिणीचा काही गुन्हा नव्हता हो!" नवऱ्याचा हात धरून ती हसत होती, रडत होती.

एरवी पोटाला भिऊन अर्धपोटी राहणारी रकिया पूर्वी दर शुक्रवारी नमाजानंतर थोरल्या नणंदेकडे सगळ्यांबरोबर एका परातीत जेवायला बसे. तामू आपल्या हातानं कुसकुसचे, गव्हाच्या वाफवलेल्या रव्याचे, मुटके वळून तिच्यापुढे ठेवी; मायेनं वळी, मायेनं वाढी. संध्याकाळी रकियाचं पोट पिळून निघे. रकियाच्या मावशीनं निखाऱ्यावर तुरटी टाकली, तुरटी फुगून डोळ्यासारखी झाली, आणि मावशी म्हणाली, नणंदेची नजर. रकियानं ते चारचौघांत तामूच्या तोंडावर फेकलं. तीन वर्षं झाली, भावाबहिणीचा उंबरा सुटला; पोटाचं दुखणं मात्र सुटलं नाही.

आजही शुक्रवारच होता. तारुदांतच्या दवाखान्यातून ती ब्राहिमला घेऊन तडक तामूच्या दारात गेली.

"वाट सापडली वाटतं?" तामू दारातून हलली नाही.

"चुकले मी, लाल्ला," थोरलीला मानानं मारायची हाक रकियानं तीन वर्षांनी मारली. "तुमची नजर नव्हती. तुमच्या घासातला गहू होता. मला तो जन्मात पचायचा नाही."

तामू कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे नजरेनं नाही, पण मारत मीच होते म्हण की! चांगली सुटका केलीस गं माझी!"

रकियाचा चेहरा उतरला. ब्राहिमला मात्र हसू आवरेना, आणि भावाचं हसू बघून तामूचंही फुटलं. "ये आत. उन्हात उभी राहून आणखी वाळू नकोस."

आत परातीभोवती घरचे बसले होते. तामूनं चुलीवरच्या हंडीतला भोपळा, हरभरे आणि मटण एका वाडग्यात काढलं. रकिया वाडगा घेऊन भिंतीकडे सरकली. आजाऱ्यासारखं, परक्यासारखं वेगळं खायचं. हे पण आता जन्मभराचंच.

"तिकडे कुठे?" तामूनं दंडाला धरून तिला परातीपाशी आणलं, आपल्या बाजूचा कुसकुस लेकीकडे ढकलला, हात धुतले, आणि रकियाच्याच वाडग्यात बोटं घातली.

"लाल्ला, तुमचा शुक्रवार कुसकुसशिवाय?"

"शुक्रवार अल्लाचा आहे, गव्हाचा नाही. मटण मोठं मोठं उचलू नकोस, मलाही राहू दे."