चाकातली हवा

रियाधपासून तीन तासांवरच्या त्या अभयारण्यात आपली आपण गाडी फिरवायचा परवाना उदय आणि अनुरागनं मिळून मागितला, तेव्हा दोघं एका ताटात जेवत होते. परवाना हातात पडेस्तोवर एकमेकांचं तोंड बघवेना. मधल्या महिन्यात कंपनीत सौदीकरणाचं, म्हणजे परदेशी कमी करून सौदी माणसं घ्यायचं, पत्र आलं होतं. प्लॅनिंगमध्ये दोन भारतीय आहेत, एकच राहील. कोण, ते मॅनेजर रविवारी ठरवणार. मग शनिवारी हरणं बघायला जायचं कशाला? पण माघार कोण घेणार? आपण नाही म्हटलं तर पोरगा म्हणेल, म्हातारा घाबरला, असं उदयला वाटलं. अनुरागलाही तसंच काहीतरी वाटलं असणार. निघाले दोघं कंपनीच्या जीपमधून, तोंडं फुगवून.

उदय बावन्न वर्षांचा. एकोणीस वर्षं इथल्या उन्हात काढलेली. लेक नाशकात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आणि या वयात तिकडे नोकरीसाठी त्याला दारात तरी कोण उभं करणार? अनुरागला कामाची बाराखडी त्यानंच शिकवली होती, अगदी हाताला धरून. आणि तेच कार्टं आता त्याच्या खुर्चीवर टपलेलं! पत्र आल्यापासून त्याचं 'सर' गेलं आणि 'काका' आलं. मॅनेजर हैदराबादचा, काका म्हणजे म्हातारा, हे त्याला बरोबर कळतं. एवढंही न समजायला उदय काय कुक्कुलं बाळ होता?

फाटकाशी अनुराग म्हणाला, "काका, कंबर धरली असेल तुमची. आता मी चालवतो."

"घे बाबा. सगळंच घ्यायला निघालायस."

कंपनीची ही गाडी चालवायचं अधिकारपत्र एकट्या उदयच्या नावावर होतं. पण एकाच्या नावावर गाडी काढायची आणि आळीपाळीनं चालवायची, ही आपल्या लोकांची इथली जुनी रीत. कोण बघतंय?

दहाच्या सुमाराला ती दिसली. सात-आठ पांढरी हरणं, काळ्या तोंडांची, भाल्यासारख्या सरळ शिंगांची. अरब त्यांना वुदैही म्हणतात. बाभळीखाली पाठ करून उभी होती. अनुरागला त्यांचे तोंडाकडून फोटो हवे होते. त्यानं सरळ गाडी वाळूत घातली.

"अरे, रस्ता सोडायचा नाही म्हणून फाटकावर बजावलंय!"

"दोनच मिनिटं. तुम्हाला सगळ्याचीच भीती."

शंभर पावलांवर चाकं रुतली. अनुरागनं रेस दिली, चाकं आणखी खाली गेली. हरणं केव्हाच पळाली.

चाकांतली हवा निम्मी सोडली, की गाडी मऊ वाळूतून अलगद वर येते. पाच मिनिटांचं काम. उदयला ते पहिल्याच वर्षी वाळवंटात राहणाऱ्या एका बदूनं शिकवलं होतं. शब्द ओठांवर आले आणि त्यानं ते गिळले. शिकवलं तेवढं पुष्कळ झालं. फस आता! खोटं कशाला सांगायचं, महिन्याभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"काका, काहीतरी सुचवा ना."

"मी काय सुचवणार? सगळ्यातला जाणकार आता तूच."

अनुराग डब्याच्या झाकणानं वाळू उपसत राहिला. घामानं निथळला, हात सोलवटले. उदय सावलीत बसून बघत होता. अर्ध्या तासानं गस्तीची गाडी आली.

गस्तीवाला पंचविशीतला सौदी, बोलायला गोड. त्यानं सलाम केला, पाणी दिलं, चारी चाकांची हवा सोडली आणि जीप मागे काढून दिली. मग खिशातून दंड नोंदवायचं यंत्र काढून विचारलं, "चालवत कोण होतं?"

अनुराग हातांची वाळू झटकत राहिला.

"हा!" उदयनं घाईनं बोट दाखवलं. "मी नको म्हणत होतो, यानंच घातली!"

गस्तीवाल्यानं दोघांचे इकामे, म्हणजे रहिवासाची ओळखपत्रं, यंत्रावर तपासले. "अधिकारपत्र तुमचं. याला चालवायची परवानगीच नाही, तरी तुम्ही गाडी दिलीत. म्हणजे रस्ता सोडल्याचा एक आणि हा दुसरा, दोन्ही गुन्हे तुमच्या नावावर. कंपनीला आजच कळेल."

उदय पुढे सरसावला. "नाही नाही, मीच चालवत होतो! चुकून बोललो!"

"खलास," तो सौदी म्हणाला, तेही हळूच, आणि निघून गेला.

अनुराग उदयकडे बघत होता. "त्यानं हवा सोडली तेव्हा तुम्हाला काहीच नवल वाटलं नाही. माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं! मग? तुला कशाला शिकवू? माझ्याच पोटावर पाय द्यायला?"

"मला नका शिकवू," अनुराग म्हणाला. "पण पाच मिनिटांत निघालो असतो, तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि अडकलेली गाडी तुमच्या नावावर होती."

एवढं बोलून तो वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. त्याला आता चालवता येणार नव्हतं. उदयनं गाडीत बसून किल्ली फिरवली.