पडताळणीचा गुरुवार

ईस्टरपासून चाळीस दिवस दर रविवारी कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायची, ही झरीतल्या त्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिराची रीत. देवानं माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं, आणि तेही माईकवर. बाहेर बाभळीला भोंगा बांधलेला. दर वेळी पहिला मान सरजाबाईचा. नवरा चंद्रभान गेला तेव्हा कबरीवर उभी राहून ती म्हणाली होती, "रडू नका, ह्यो उठणार हाय." तेव्हापासून सतरा वर्षं ती हेच गल्लीला ऐकवत आली होती. समोरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसणारी बौद्धवाड्यातली धम्मशीला म्हणायची, "मावशी, तुमचा आवाज ऐकून मेलेलं न्हाई, झोपलेलं तरी नक्की उठतंय."

यंदा मात्र ईस्टरनंतर दुसऱ्याच आठवड्यात पडताळणी आली. नात नीलमचा नर्सिंगला राखीव जागेवर नंबर लागला होता. जातीचा दाखला खरा का खोटा ते बघायला गुरुवारी साहेब घरी येणार होते.

कायदा म्हणतो, मांग ख्रिस्ती झाला की त्याची जात संपली, सवलत बंद. गावाला हा कायदा कुणी वाचून दाखवला नाही. गाव अजून सरजाबाईच्या ओंजळीत पाणी वरूनच ओततं. म्हणून गल्लीत प्रत्येकाची दोन नावं, एक मंडळीतलं, एक कागदावरचं. पास्टर आशेरसुद्धा कागदावर आश्रुबाच.

बुधवारी मुलगा योगीराज स्टुलावर चढला आणि भिंतीवरचा क्रूस काढला. बैलगाडीच्या जुन्या लाकडातून चंद्रभाननं स्वतः केलेला. तो त्यानं गव्हाच्या कोठीत खोल खुपसला आणि खिळ्याला परभणीहून आणलेला मरीआईचा फोटो अडकवला.

"आई, उद्या साहेब इचारतील त्याला नुसतं हो म्हण."

"आन् येशूचं इचारलं तर?"

"कोण येशू?" योगीराज म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

नीलम चुलीपाशी होती. "आजी, तुला जमत नसलं तर ऱ्हाऊ दे. मी जाईन कापूस येचायला."

टोमणा असता तर सरजाबाईनं परतवला असता. पोरगी खरंच बोलत होती.

गुरुवारी साहेब आले. शेजारचे पंच म्हणून पास्टर आशेर बसले. कपाळाला गंध! योगीराजची बायको सविता ठसठशीत कुंकू लावून चहा घेऊन आली, तेव्हा पास्टरांना बघून तिचा पाय अडखळला.

"कुलदैवत कोणतं, आजी?"

"मरीआई."

"लग्नं कशी लावता?"

"भटजी लावतोय."

"मालक वारले तेव्हा दहावं-तेरावं केलं का?"

सरजाबाईच्या डोळ्यांपुढं ती कबर आली. वरची ओली माती, आणि आपलाच आवाज.

"केलं," ती म्हणाली.

येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, त्याला तीनदा नाकारलं तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला होता. इथं साहेबांनी बशीत चहा ओतला.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. भिंत धुरानं काळवंडलेली. क्रूसाखालचा चुना तेवढा पांढरा राहिलेला. फोटो होता अरुंद. मरीआईच्या दोन्ही बाजूंनी पांढरे हात बाहेर आलेले.

"हे काय होतं इथं?"

"पंखा होता, साहेब," पास्टर घाईनं म्हणाले. "भिंतीवरचा."

"दोनच पात्यांचा?"

नीलमनं पदराची दशी तोंडात धरावी तशी ओढणी चावत धरली होती. साहेब हसले. असल्या पांढऱ्या खुणा त्यांनी जिल्हाभर पाहिल्या असाव्यात. त्यांनी काही लिहिलं नाही, कागद पुढं सरकवला. सरजाबाईनं अंगठा उठवला. खाली पास्टरांनी वळणदार सही केली, आश्रुबा, हिंदू मांग.

जाताना पास्टर तिच्या कानाशी म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. देव अंतःकरण बघतो."

"त्याला तेच तर बघायला मिळालं आज," ती म्हणाली.

रविवारी मंदिर गच्च भरलं. पास्टर आशेर पांढऱ्या झग्यात, गंध पुसलेलं. भोंग्यावरून गरजले, "ख्रिस्त उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" लोकांनी पत्रा दणाणून सोडला.

"आता सरजाबाई साक्ष देतील."

सरजाबाई उठली. माईक हातात घेतला. त्याचं बटण चाचपलं आणि बंद केलं. नीलमकडे एकदा बघितलं.

"बुधवारी माझ्या घरात येशूला पुरला," ती म्हणाली. "गव्हाच्या कोठीत. पुरणारी मी. पंचनाम्यावर सही ह्या पास्टरांची. तुमच्यातल्या कुणाकुणाच्या घरात पुरलाय, ते मी इचारत न्हाई. उठायचा तिसरा दिस शुक्रवारी झाला. कोठीचं झाकण मी उघडलं न्हाई. धाडस झालं न्हाई. पोरीचा दाखला हातात पडस्तोवर होणारबी न्हाई. ही माझी साक्ष."

योगीराजनं मान खाली घातली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पायाच्या बोटांकडे बघितलं. पास्टर पेटीवाल्याला हातानं खुणा करायला लागले, वाजव, वाजव. पेटीवाल्यानं भाता दाबला, पण सूर धरला नाही. त्याच्याही घरी पोरगं बारावीला होतं.

"म्हणा ना," सरजाबाई म्हणाली. "ख्रिस्त उठला आहे. आता माईक बंद हाय. गल्लीतलं कुणी ऐकत न्हाई. आपल्या आपल्यात तरी म्हणा."

कुणीच म्हणालं नाही.

बाहेरून धम्मशीलाची हाक आली, "मावशी, आवाज का येईना आज? भोंगा बिघडला का?"

सरजाबाईनं बंद माईक टेबलावर ठेवला आणि दारातून ओरडून सांगितलं,

"न्हाई गं. भोंगा चांगला हाय."