आठ भोकांची केशरी नाव

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकते. मी गव्हाण नाही. म्हशीच्या गोठ्यात मी तीन वर्षं काढली हे खरं, अंगाला अजून ढेपेचा वास येतो हेही खरं. पण जन्माने मी नाव आहे. मला कयाक म्हणतात. एकट्याने बसायची, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची, अंगाने सडपातळ आणि रंगाने भडक केशरी!

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकची भुकटी साच्यात भरली, साचा भट्टीत गरागरा फिरवला आणि मी अखंड बाहेर आले. कुठे जोड नाही की खिळा नाही. माझं पोट पोकळ आणि चहूबाजूंनी बंद. माणूस बसतो तो माझ्या पाठीवर, आणि त्या पाठीत आठ गोल भोकं आहेत. ती पोटात उघडत नाहीत, आरपार खाली निघतात. पाठीवर उडालेलं पाणी आपोआप तलावात परत जावं म्हणून कारागिराने ती मुद्दाम ठेवली. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा याच भोकांवरून झाला.

पहिली चार वर्षं मी एका सहलीच्या ठिकाणी होते. पोरंटोरं माझ्यासाठी रांग लावायची, एकमेकांना ढकलायची. काय मान होता माझा! मग ते ठिकाण बंद पडलं आणि मी भंगारात गेले. तिथून मला सेलूच्या ताराचंदभाऊंनी उचललं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान. टिकाऊ वस्तू दिसली की त्यांना राहवत नाही.

"नावेले भोकं असतेत का कुठं? म्हणून तं फेकली त्यायनं," असं म्हणत त्यांनी माझी आठही भोकं दुकानातली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली आणि मला म्हशीपुढे ठेवलं. त्यांच्या पत्नी कुसुमबाई माझ्यात रोज सरकीची ढेप भिजवू लागल्या. म्हशीची ती खरखरीत जीभ आठवली की अजून अंगावर काटा येतो.

त्यांची मुलगी रंजिता दुकान सांभाळते आणि सुटीच्या दिवशी तलावाच्या काठावर गळ टाकून बसते. मोठे मासे मधोमध आणि हिचा गळ काठाजवळ, त्यामुळे हाताला लागायची बोटभर चिल्लर. एका सकाळी तिने मोबाइलवर कोणाला तरी कयाकमध्ये बसून मासे धरताना पाहिलं आणि ती धावतच गोठ्यात आली. म्हशीच्या तोंडापुढून तिने मला ओढून काढलं!

"आई, हे गव्हाण नाई, ही नाव हाय!"

"मंग म्हैस काय तुह्या ताटात खाईन?" कुसुमबाई म्हणाल्या.

रंजिताने मला घासूनपुसून लख्ख केलं. लांबी भरलेल्या भोकांवरून बोट फिरवत तिने विचारलं, "बाबा, फुटलेली असती तं भोकं वाकडेतिकडे असते. हे इतके गोल काऊन हायेत?"

"जास्त डोकं नको चालवू. मी बुजवले म्हणून तरंगन ते," ताराचंदभाऊ छाती फुगवून म्हणाले. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

तलाव होता मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात. अध्यक्ष प्रेमदासकाकांचं सारं आयुष्य लाकडी डोंग्यात बसून मासे धरण्यात गेलेलं. त्यांनी मला पायाने हलवून पाहिलं.

"खेळणं हाय हे, पोरी. तरी एक सकाळ देतो तुले. पन आमच्या डोंग्याले तुले ओढून आनावं लागलं, तं हे परत पान्यात दिसलं नाई पायजे."

म्हणजे एका सकाळीत माझा फैसला होता. एकीकडे तलाव, दुसरीकडे म्हैस.

होळीच्या आधीचा रविवार होता. रंजिताने जीवरक्षक जाकीट घट्ट आवळलं, गळाला लावायला कणकेत ढेप मळून केलेल्या गोळ्या डब्यात घेतल्या आणि मला पाण्यात लोटलं. मित्रांनो, तीन वर्षांनी पोटाला पाणी लागलं! मी सुळकन निघाले. मधोमध पोचून तिने गळ टाकला. थोडा वेळ सारं शांत होतं, आणि मग गळाचं रीळ एकदम किंचाळलं.

असा हिसका! रोहूने गळ गिळला होता आणि तो आम्हा दोघींना घेऊन पळत सुटला. मला वल्हवायला कोणी नव्हतं, तरी मी धावत होते. "अवो बाबा, पाहा!" रंजिता ओरडली. काठावर ताराचंदभाऊ नाचत होते.

तेवढ्यात वारा सुटला. लाटा माझ्या पाठीवर चढू लागल्या. पाणी आलं ते जाईना. रंजिताचे पाय घोट्यापर्यंत बुडाले, मी जड झाले, डावीउजवीकडे कलंडू लागले. भोकं उघड, पोरी, भोकं उघड! मी जिवाच्या आकांताने सांगत होते, पण नावेचं ऐकतं कोण?

प्रेमदासकाकांचा डोंगा झपाझप आला. त्यांनी मला धरायला हात पुढे केला. वीतभर अंतर उरलं होतं.

"काका, हात नका लावू!"

"बुडशीन ना, बापा!"

"एक मिनिट द्या मले!"

तिची नजर पायांकडे गेली होती. एका भोकातली लांबी जराशी सुटली होती आणि तिथून पाणी गुडगुड करत खाली चाललं होतं. वर येत नव्हतं, खाली जात होतं! हार्डवेअरवाल्याची पोर ती, खिशात पेचकस असणारच. गळाचा रॉड मांडीखाली दाबून तिने पेचकस खुपसला.

"भोकं नको खोलू! बुडशीन!" काठावरून ताराचंदभाऊंनी टाहो फोडला.

माझ्या गुळगुळीत अंगाला लांबी मनापासून कधी चिकटलीच नव्हती. एक भोक मोकळं झालं, दुसरं झालं, आठही झाली. पाठीवरचं पाणी गटागटा उतरलं आणि मी वर आले. हलकी झाले, सरळ झाले! प्रेमदासकाकांचा हात अजून हवेतच होता.

मग रंजिताने रोहूला दमवलं. दोरी सोडायची, ओढायची, परत सोडायची. अर्ध्या तासाने नऊ किलोचं ते धूड माझ्या पाठीवर आलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

काका सगळा वेळ शेजारीच थांबले होते. वाकून त्यांनी माझ्या भोकांतून खालचं पाणी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग रंजिताकडे.

"त्या बाभळीच्या अंगानं आमचे जाळे असतेत," ते म्हणाले. "उद्या तिकडून नको येजो. धरनाच्या भिंतीकडून येजो."

"उद्या?" रंजिताने विचारलं.

काका डोंगा वळवून वल्हं मारत निघून गेले.

मित्रांनो, आता मी रोज सकाळी, रंजिता दुकान उघडायच्या आधी, पाण्यात असते. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला दगडावरून ओढत नेऊ नका, काम झालं की धुऊन सावलीत पालथी ठेवा. तिच्या अंगात काही उणं दिसलं तर लगेच बुजवायला धावू नका. घटकाभर तिला पाण्यात नेऊन पाहा. कशी आहे ते ती तिथेच सांगेल.