अर्जातलं क्रियापद

दत्तारामतात्यांच्या इंग्रजीचा वाडीत मोठा दरारा होता. मुंबईच्या एका कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली आणि गावी परतले ते एक जाडी डिक्शनरी आणि नाकाने कांदे सोलायची सवय घेऊन. दीक्षाचे ते चुलतसासरे. त्यांच्या पडवीत एकदा जायचं म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठी पडे, आणि आज तर ती लेकीच्या शाळेच्या एकाच अर्जासाठी दुसऱ्यांदा आली होती.

रत्नागिरीतल्या त्या इंग्रजी शाळेत पहिलीच्या प्रवेशाला आईबाप दोघांच्या सह्या लागत. तिच्या लेकीचा, प्रज्ञाचा बाप, प्रमोद, चार वर्षांपूर्वी ड्रायव्हरकी करायला म्हणून पनवेलला गेला आणि नालासोपाऱ्यात दुसरीशी संसार थाटून बसला. अख्ख्या वाडीला हे माहीत होतं. पण सासूबाई कमलाबाई दर जयंतीला "सुट्टी नाय गावली त्याला" म्हणून सांगत फिरत, आणि ऐकणारे शहाणे माना डोलवत. झाकली मूठ सव्वा लाखाची! दीक्षाची मूठ मात्र काजूच्या कारखान्यात बिया सोलून सोलून काळी पडली होती. त्या मुठीतूनच तिने लेकीच्या फीचे पैसे उभे केले होते.

तात्यांनी पहिल्या अर्जात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘माझे पती नोकरीनिमित्त मुंबईला गेले आहेत.’ शाळेच्या ऑफिसातल्या बाई तिच्याशी चांगल्या खणखणीत मराठीत भांडल्या, पण अर्ज त्यांना इंग्रजीतच हवा होता. "नोकरीला गेलेत ना? मग आले की सही आणा. सोडून गेले असतील तर तसं स्पष्ट लिहा, तुमच्या एकटीची चालेल. उद्या शेवटचा दिवस, नाहीतर जागा दुसऱ्याला."

हे सगळं ऐकून तात्यांनी चष्मा पुसला आणि जणू शाळा त्यांच्याच पडवीत भरली होती अशा थाटात डिक्शनरी उघडली.

"इंग्रजीत जाण्याचे शंभर प्रकार असतात, दीक्षा. डिपार्ट गाडीला. क्विट नोकरीला. व्हेकेट खोलीला. आपण साधं लीव्ह घालू. लीव्हमध्ये माणूस परत येऊ शकतो. घराण्याची शोभा राहते."

घराण्याची शोभा! दीक्षाला हसूच आलं. चार वर्षांत या घराण्याने पोरीला एक फ्रॉक घेतला नव्हता, आणि आता तिच्या शाळेपेक्षा त्यांना शोभेची पडली होती.

"तात्यानू, जो बायकोपोरीला टाकून जातो नि वळून बघत नाय, त्याला कायतरी शब्द असंल की त्यात."

तात्यांनी दोन पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं आणि लगेच बाजूला सरकलं. दीक्षाने ते पाहिलं.

"अबॅन्डन," तात्या नाइलाजाने म्हणाले. "पण तो जहाजाला लावतात. बुडायला लागलं की खलाशी टाकून पळतात, तेव्हा. आपल्या माणसाला कसा लावायचा?"

"नि पोरीला कसं टाकायचं, ता गावलं काय हो तुमच्या बुकात?"

तात्यांनी आणखी एक पान उलटलं. मग घसा खाकरून त्यांनी शेवटचा तोडगा काढला. "असं कर, सेपरेट लिहू. म्हणजे दोघांच्या संमतीने. कुणाला दोष नाही."

आता मात्र दीक्षाचं डोकं फिरलं. हा माणूस इंग्रजी शिकला होता की लपवाछपवी? एका शब्दासाठी तिची लेक वर्षभर घरी बसली असती, आणि हे तिथे शोभेचं फडकं घेऊन उभे होते.

"माझी संमती कोनी विचारली होती? अबॅन्डन लिवा. नाय जमत तर ती डिक्शनरी द्या हिकडं, मी बघून लिवते."

तिने खरंच हात पुढे केला. काळी बोटं पांढऱ्या पानांजवळ आली तशी तात्यांनी डिक्शनरी छातीशी ओढली. पेन उचललं, टोपण काढलं, आणि निब कागदावर टेकवून पुन्हा थबकले. आवाज एकदम बारीक झाला होता.

"अगं, कागद आहे हा. कायमचा राहतो. उद्या प्रमोदने वाचला तर त्याला काय वाटेल?"

"वाचायला तरी घराकडं येऊ दे त्याला," दीक्षा म्हणाली.