चार क्रेडिटांची सही

शुभांगीने बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. घरात एवढं राजकारण असताना पोरीला त्याचं शास्त्र कशाला हवं? माझी बायको कुंता तीन वर्षांपासून गावची सरपंच आहे. म्हणजे जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून तिला उभं केलं, कारभार मी बघतो. पार बपेरा गावापर्यंत लोक मलाच सरपंच साहेब म्हणतात आणि मीही कधी कोणाला अडवलं नाही.

शुभांगी भंडाऱ्याला होस्टेलवर राहते, शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वेळी परीक्षा दिली की पदवी मिळायची. आता म्हणे क्रेडिट जमवावे लागतात. राज्यशास्त्र मेजर, इतिहास मायनर, आणखी कुठले कुठले कोर्स, आणि वर चार क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट. सगळे पेपर निघाले आणि तेवढा प्रोजेक्ट राहिला, तरी पदवी अडकते.

"कायचा प्रोजेक्ट?" मी विचारलं.

"ग्रामसभेचा, बाबा. सभेत बसाचं आन् पायलं ते लिवाचं. सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स आन् सरपंचाचं प्रमाणपत्र जोडा लागते."

"त्याच्यासाठी आपलाच गाव भेटला का? भैय्यालालनं शिकवलन का तुले?"

सरपंचपदाच्या निवडणुकीत भैय्यालालची बायको कुंताच्या विरोधात पडली होती. तेव्हापासून तो माझ्या प्रत्येक कागदावर टपून असतो. शुभांगी नुसती हसली. त्या हसण्याने माझा संशय पक्का झाला.

पंधरा ऑगस्टच्या सभेत ती कोपऱ्यात वही घेऊन बसली. मी बोलायला उठलो की मोबाइलवर बोट दाबायची, खाली बसलो की पुन्हा दाबायची. रेकॉर्डिंग! मी घरकुलाचा विषय अर्ध्यावर सोडला आणि सभा गुंडाळली. संध्याकाळी ती मावशीकडे गेल्यावर तिची वही उघडली. रेकॉर्डिंग नव्हतं, ती वेळ मोजत होती.

"सरपंच बोलल्या : शून्य मिनिटे. सरपंचांचे पती बोलले : सत्तेचाळीस मिनिटे. इतर महिला : दीड मिनिट, नळाबद्दल. सरपंचांच्या पतींनी थांबवले."

माझं डोकंच फिरलं. ज्या पोरीला मी शिकवतो, ती माझाच पंचनामा करून राहिली होती! इतिवृत्ताची झेरॉक्स मी तिला सभा संपल्याबरोबर देऊन बसलो होतो. प्रमाणपत्र मात्र रोखून धरलं.

"सही नाही भेटत," मी सांगितलं. "बापाची इज्जत भंडाऱ्यात वाटाले मी कायले मदत करू?"

"तुमची सही नाईच पायजे, बाबा," ती म्हणाली. "सरपंचाची पायजे."

मी रागाने तुमसरला निघून गेलो. परत आलो तर ती भंडाऱ्याला गेलेली होती, आणि प्रमाणपत्राबद्दल कुंताही काही बोलली नाही.

वीसेक दिवसांनी कॉलेजातून तिच्या सरिता मॅडमचा फोन आला. प्रमाणपत्रावरची सरपंचांची सही इतिवृत्तावरच्या सहीशी जुळत नाही. मुलीनेच आईची खोटी सही केल्याचा संशय आहे. तसं ठरलं तर प्रोजेक्ट रद्द होणार, क्रेडिट जाणार आणि चौकशी लागणार. दोघांनी उद्या या.

मला पहिल्यांदा भैय्यालालच आठवला, त्यानेच तक्रार केली असणार. मग कुंताकडे बघितलं.

"त्या कागदावर सही कोणं केलन?"

"मीनं केली."

"कायले?"

"सरपंच आहो म्हणून."

आता घोळ ध्यानात आला. निवडून आल्यापासून कुंताची सही मीच करतो. कधी ती शेतावर असते, कधी कागद घाईचा असतो, आणि पुढे पुढे सवयच पडली. झोकदार सही आहे, खाली दोन रेघा. सगळे ठराव तिच्यावर चालतात. बिचारीने स्वतःच्या हाताने सही केली आणि तीच खोटी ठरली.

पण मीही काही कच्चा गडी नाही. रात्रीच नवीन प्रमाणपत्र बनवलं, त्यावर झोकदार सही केली, शिक्का मारला. सकाळी एसटीत कुंताला म्हणालो, "तू काई बोलू नको. मी जुळवून आणतो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचंही माझ्याविरुद्ध काही शिजतंय की काय, असं मला वाटून गेलं.

मॅडमच्या खोलीत शुभांगी उभी होती, रडून डोळे सुजलेले. मी ऐटीत कागद पुढे केला. "हे घ्या. पहिल्यात गडबड झाली होती."

मॅडमनी तो इतिवृत्ताशेजारी ठेवून निरखला.

"ही सही तंतोतंत जुळते," त्या म्हणाल्या. "म्हणजे पहिलं प्रमाणपत्र खोटंच होतं. शुभांगी, आता तुला काय सांगायचं आहे?"

पोरीला सोडवायला आलो आणि माझ्याच हाताने अडकवलं! तिने माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात सुटली असती, पण तिने माझं नाव घेतलं नाही. मला इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

कुंताने टेबलावरचा पेन उचलला. कोऱ्या कागदावर एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं काढत तिने तीनदा सही केली. मॅडमनी ती पहिल्या प्रमाणपत्राशी ताडून बघितली आणि आता त्या माझ्याकडे संशयाने बघू लागल्या.

"मग ही दोन रेघांची सही कोणाची?"

"ते यायले इचारा," कुंता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

कबूल केलं तर भैय्यालालच्या हाती कोलीत, वरून चौकशी, कुंताचं पदही जाऊ शकतं. गप्प बसलो तर शुभांगीची पदवी गेली.

"माझी," मी म्हणालो. "तीन वर्षांपासून सगळ्या माझ्याच आहेत."

मॅडमनी कुंताच्या प्रमाणपत्रावर 'पडताळले' असं लिहून ते शुभांगीच्या प्रोजेक्टला टाचलं, आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे लिहून द्या. शेवटी नाव, पद, सही."

मी लिहून काढलं. नावही लिहिलं. पदापाशी पेन अडला. खोलीत तिघी जणी माझ्या हाताकडे बघत होत्या.

"एथी काय लिवू?" मी हळूच कुंताला विचारलं.

"काईच नाई," ती म्हणाली.

मी जागा कोरी सोडली आणि सही करायला लागलो. हात सवयीने 'कुं' काढून बसला. तो खोडला, आणि त्याच्या बाजूला माझं नाव लिहिलं.